अठराचे पाच झाले, मग तेरा कुठे गेले?

२२ सप्टेंबर २०२५ला सोमवार होता आणि घटस्थापनाही. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात जो तो हिशेबनीस झाला होता. शाम्पूवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्याचं सगळ्यांनी वाचलं होतं. शेजारच्या काकूंनी २३६ रुपयांची बाटली काउंटरवर ठेवली, मोबाइलवर गुणाकार केला आणि म्हणाल्या, "तेरा टक्के कमी झालेत ना? मग तीस रुपये अडुसष्ट पैसे कमी करा." दुकानदार म्हणाला, "काकू, सव्वीसच होतात." काकूंना वाटलं, मेला पावणेपाच रुपये खातोय. मागे रांगेत उभे असलेले आम्ही सगळे अर्थातच काकूंच्या बाजूने.

पण बरोबर होता तो दुकानदार.

घरी येऊन मी आमची हिशेबाची वही काढली. तीन खर्च असे आहेत की ते टाळता येत नाहीत आणि त्यांच्याकडे कुणी फारसं लक्षही देत नाही: केसांचं तेल-शाम्पू, पोरांचे बूट आणि विम्याचे हप्ते. जीएसटी कौन्सिलच्या ५६व्या बैठकीने ३ सप्टेंबरला या तिन्हींवर एकदमच हात फिरवला होता. तरी वहीत उतरलेली घट कुठे ११ टक्के होती, कुठे सहा, कुठे दोन, तर कुठे शून्य. कर कमी करणारे तेच, दिवस तोच, मग फळ एवढं वेगवेगळं का?

गवळ्याचं गणित

आधी काकूंचा हिशेब मिटवू. समजा, गवळ्याने १०० लिटर दुधात १८ लिटर पाणी घातलं. कॅनमध्ये ११८ लिटर झालं. उद्यापासून तो फक्त ५ लिटर पाणी घालणार, म्हणजे कॅनमध्ये १०५ लिटर. कमी झालं १३ लिटर, हे खरं. पण ते १३ लिटर कमी झालं ११८मधून. ११८वर १३ म्हणजे ११ टक्के आणि वर थोडंसं.

कर लावतात तो मूळ किमतीवर, दुधावर. आपल्याला बाटलीवर दिसते ती छापील किंमत म्हणजे पाण्यासकट भरलेला कॅन. आपल्याकडे एमआरपी ही सगळे कर धरूनच छापावी लागते. म्हणून २३६ रुपयांच्या बाटलीत मूळ किंमत २०० आणि कर ३६ रुपये. आता २००वर १० रुपये कर, म्हणजे २१० रुपये. फरक २६ रुपये. काकूंनी १३ टक्के काढले ते पाण्यासकट दुधावर. कराची बातमी वाचताना बहुतेक सगळे नेमके इथेच घसरतात.

दुकानदाराची मात्र एक वेगळी पंचाईत होती, आणि ती खरी होती. कपाटात जुन्या किमतीचा माल पडलेला. जीएसटीत नोंदणी असलेला व्यापारी खरेदीवर भरलेला कर पुढच्या विक्रीच्या करातून वजा करून घेतो. पण वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या किराणावाल्याला नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नाही तर वजावटही नाही. त्याच्यासाठी भरलेला १८ टक्के कर म्हणजे मालाचीच किंमत. कंपनीने किंवा घाऊक व्यापाऱ्याने फरक परत दिला तर ठीक, नाहीतर स्वस्त विकायचं ते स्वतःच्या खिशातून. त्यातच जुन्या मालावर नव्या किमतीची चिकटपट्टी लावायची सक्ती सरकारने ठेवली नव्हती. मग बाटलीवर २३६ आणि बिलात २१०, असं दृश्य कितीतरी दिवस दिसत राहिलं.

खोबरेल तेल कुणाचं, डोक्याचं की कढईचं?

काकूंचा पुढचा प्रश्न जास्त चांगला होता. आवळ्याचं तेल स्वस्त झालं, मग खोबरेल तेलाची निळी बाटली जागची का हलली नाही?

कारण कागदोपत्री ते केसांचं तेलच नाही. जीएसटीत खाद्यतेलावर आधीपासूनच ५ टक्के कर आहे, आणि केसांच्या तेलावर १८ टक्के होता. खोबरेल तेल दोन्ही कामांचं. कोकणात, गोव्यात, केरळात ते कढईत जातं, आणि देशावर ते डोक्याला लागतं. मग छोट्या बाटलीतलं खोबरेल तेल कोणत्या खान्यात टाकायचं? करखात्याचं म्हणणं होतं, एवढीशी बाटली कोण स्वयंपाकाला घेतो, हे केसांचंच. कंपन्या म्हणायच्या, बाटली लहान असली म्हणून आतलं तेल बदलत नाही. हा वाद जीएसटीच्याही आधीचा, अबकारी कराच्या जमान्यातला. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली. शेवटी १८ डिसेंबर २०२४ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला: केवळ बाटली लहान आहे म्हणून ते केसांचं तेल ठरत नाही, केसांचं तेल म्हणून त्याचं लेबल, पॅकिंग असेल तरच ते त्या खान्यात जाईल.

आता आपल्या न्हाणीघरातली बाटली हातात घेऊन वाचा. 'शुद्ध खोबरेल तेल' असं लिहिलेलं सापडेल, शाकाहाराचा हिरवा ठिपका सापडेल, अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक सापडेल. 'केसांसाठी' हा शब्द शोधून सापडणार नाही. जाहिरातीतली बाई मात्र लांबसडक वेणी मिरवते. इतक्या वर्षांत हे माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं. कर आधीच ५ टक्के, म्हणून कमी व्हायला काही उरलंच नाही. उलट त्या वर्षी खोबऱ्याचे भाव भडकल्याने बाटली महागच झाली होती.

केसांच्या बाबतीत आणखी दोन गमती आहेत. तेल-शाम्पू ५ टक्क्यांत आले, पण पांढरे केस काळे करायचा डाय १८ टक्क्यांतच राहिला. कौन्सिलच्या लेखी केस धुणं ही गरज आणि ते काळे करणं ही हौस असावी. माझ्या वयाच्या माणसाला हे पटत नाही, पण ते असो. दुसरी गंमत सलूनची. केस कापण्यावरचा करही १८वरून ५ झाला. तरी आमच्या नाक्यावरच्या सलूनचा दर तसाच आहे, कारण सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी लागत नाही, आणि तो कधी जीएसटी घेतच नव्हता. मॉलमधल्या वातानुकूलित सलूनचं बिल कमी झालं, पण तिथे ५ टक्क्यांबरोबर एक अट आली. ती काय, हे विम्यापाशी कळेल.

दोन रुपयांच्या पुडीचं काय करायचं?

शाम्पूची पुडी तमिळनाडूतल्या कडलूरची. सत्तरच्या दशकाच्या आसपास चिन्नी कृष्णन या उद्योजकाने ती रूढ केली, आणि पुढे त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी 'चिक' शाम्पूने ती गावोगाव नेली. पुडीचं सगळं बळ तिच्या किमतीत आहे. एक नाणं द्या, एक पुडी घ्या. हिशेब नको, सुटे नकोत.

हे नाणंच आता आड आलं. दोन रुपयांच्या पुडीवरचा कर १८चा ५ झाला तर तिची किंमत व्हायला हवी १ रुपया ७८ पैसे. बावीस पैसे परत कसे देणार? पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून चलनातून गेली. पन्नास पैसे कायद्याने चालतात, पण वाणी ते घेत नाही. सुरुवातीला काही मालावर विचित्र छापील भाव दिसलेही. पाच रुपयांचा बिस्किटपुडा ४ रुपये ४५ पैशांना. ४ रुपये ४५ पैसे, असा रोखीचा व्यवहार गल्लीत होत नाही. तिथे फोनवरून पैसे देणाऱ्याचा फायदा झाला, रोख देणाऱ्याला चॉकलेट मिळालं.

यावर सरळ उपाय म्हणजे किंमत तीच ठेवून माल वाढवायचा. ५ मिलीच्या पुडीत ५.६ मिली घातलं की करकपात ग्राहकाच्या पदरात पडली. पण ०.६ मिली म्हणजे दहा-बारा थेंब. ते आले की नाही हे पुडी हातात धरून कुणालाच कळत नाही. बारीक अक्षरातला आकडा वाचावा लागतो. उद्या कच्चा माल महागला म्हणून ते थेंब परत गेले, तर तेही कुणाला कळणार नाही. किंमत वाढली की आरडाओरडा होतो, वजन घटलं की होत नाही. मोठ्या बाटलीवर आता प्रति मिली दरही छापलेला असतो. तो पाहायची सवय लावली की आणखी एक कोडं दिसतं: बऱ्याच वेळा पुडीतला शाम्पू बाटलीपेक्षा मिलीमागे स्वस्त पडतो. बाटली घेणाऱ्याला भावाची फिकीर कमी, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं.

बूट आणि अडीच हजारांचा उंबरठा

पोरांच्या बुटांचा हिशेब सगळ्या घरांत सारखाच. जूनमध्ये अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून घ्यायचे आणि दिवाळीपर्यंत पायाने ती जागा खाल्ली की कुरकुर ऐकायची. एक काळी जोडी, एक पीटीची पांढरी.

२०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा ५०० रुपयांपर्यंतच्या जोडीवर ५ टक्के कर होता. २०१८मध्ये ही मर्यादा १,००० झाली. १ जानेवारी २०२२ला याच स्वस्त जोडीवरचा कर ५चा १२ झाला. आणि आता पुन्हा ५, तोही अडीच हजारांपर्यंत. म्हणजे ४०० रुपयांच्या कॅनव्हासच्या बुटांना मिळालेली 'सूट' ही सूट नाहीच. २०१७ साली ते जिथे होते तिथे परत आले एवढंच. खरा लाभ मधल्या जोड्यांना झाला. मूळ ८०० रुपयांचे शाळेचे बूट ८९६चे ८४० झाले, सव्वासहा टक्के कमी. मूळ १,५०० रुपयांचे खेळाचे बूट १,७७०वरून १,५७५वर आले, ११ टक्के कमी.

पण हा कर मध्येच १२ का झाला होता? त्यासाठी लग्नघरात जावं लागेल.

लग्नात हार मामा आणतो, आचाऱ्याला आगाऊ रक्कम काका देतो, मांडववाल्याचं आतेभाऊ बघतो. प्रत्येकजण पावती जपतो आणि शेवटी मुलीच्या वडिलांकडून पैसे घेतो. खर्च सगळ्यांच्या हातून होतो, भार एकावरच पडतो. जीएसटी असाच चालतो. सोल बनवणारा कर भरतो आणि तो बूट बनवणाऱ्याकडून घेतो, बूट बनवणारा दुकानदाराकडून, आणि शेवटचा वधूपिता म्हणजे आपण. आधी भरलेला कर पुढच्या करातून वजा करण्याच्या या सोयीला 'इनपुट टॅक्स क्रेडिट' म्हणतात.

आता समजा, मामाच्या हारांच्या पावत्या १८ रुपयांच्या आणि वडील देणार फक्त ५. सोलचं प्लॅस्टिक, चिकटवायची रसायनं यांवर १८ टक्के, आणि तयार बुटावर ५. कारखानदाराचं क्रेडिट वसूल होतच नाही, साचत राहतं. असं झालं की सरकार परतावा देतं, पण तो फक्त वस्तूंवरच्या कराचा. जाहिरात, वाहतूक, भाडं अशा सेवांवर भरलेल्या कराचा परतावा मिळत नाही. 'व्हीकेसी फूटस्टेप्स' ही केरळशी नातं असलेली पादत्राणांची कंपनी हाच मुद्दा घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १३ सप्टेंबर २०२१ला हरली. चारच दिवसांनी लखनौला कौन्सिलची ४५वी बैठक भरली आणि ही उलटी उतरंड सरळ करायची म्हणून स्वस्त पादत्राणांवरचा कर वाढवायचं ठरलं. आता ५ टक्के पुन्हा आला, म्हणजे ती उतरंडही पुन्हा उलटी झाली. वसूल न होणारा तो तुकडा कारखानदार बुटाच्या मूळ किमतीतच कुठेतरी शिवून टाकतो.

उंबरठ्याचंही लक्षात ठेवा. करपूर्व २,५०० रुपयांची जोडी २,६२५ला पडते. करपूर्व २,६०० रुपयांची पडते ३,०६८ला. मूळ किमतीत फरक शंभराचा, बिलात ४४३चा.

विमा: शून्याचीही किंमत असते

सगळ्यांत मोठी बातमी विम्याची होती. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांवरचा १८ टक्के कर थेट शून्य. गवळ्याच्या हिशेबाने ११८चे १००, म्हणजे सव्वापंधरा टक्के कमी.

तरी आमच्या मामांचा हप्ता जेमतेम दोन टक्क्यांनी उतरला. त्यांची पॉलिसी जुन्या वळणाची, बचत आणि विमा एकत्र असलेली. तिच्यात हप्त्याचा मोठा भाग म्हणजे आपलेच साठवलेले पैसे, आणि साठवणुकीवर कर लावत नाहीत. म्हणून नियम असा होता की पहिल्या वर्षी हप्त्याचा चौथा हिस्सा आणि पुढे आठवा हिस्सा ही 'सेवा' धरायची आणि तेवढ्यावरच १८ टक्के. म्हणजे पहिल्या वर्षी साडेचार टक्के, नंतर सव्वादोन. ५० हजारांच्या हप्त्यावर १,१२५ रुपये कर होता, तेवढा गेला. निव्वळ जोखमीचा विमा, म्हणजे टर्म प्लॅन आणि मेडिक्लेम, यांच्यावर मात्र पूर्ण १८ होता. मोठी सवलत तिथे आहे.

आता पुन्हा लग्नघरात चला. समजा, मुलीच्या वडिलांनी जाहीर केलं, 'माझ्याकडे कुणी पावत्या आणू नका, हिशेब बंद.' ऐकायला छान. पण मामाने हारांचे पैसे तर दिलेत. तो ते कुठून काढणार? आहेराच्या पाकिटातून. करमाफीचं नेमकं हेच होतं. विमा कंपनी एजंटांचं कमिशन, कचेऱ्यांचं भाडं, सॉफ्टवेअर यांवर आजही जीएसटी मोजते. पूर्वी ती आपल्याकडून २० हजारांच्या हप्त्यावर ३,६०० रुपये घ्यायची, त्यातून स्वतःचे, समजा, १,००० वजा करायची आणि उरलेले सरकारला द्यायची. आता आपल्याकडून काहीच घेत नाही, पण तिचे ते १,००० अडकून राहतात. कायद्याची अटच आहे: विक्रीवर कर नाही, तर खरेदीवरच्या कराची वजावट नाही. मॉलमधल्या सलूनला ५ टक्क्यांबरोबर जोडलेली अटही तीच, वजावट विसरा.

ते १,००० तीनच ठिकाणांहून निघू शकतात. कंपनीच्या नफ्यातून, एजंटाच्या कमिशनातून किंवा आपल्या मूळ हप्त्यातून. पहिल्या काही आठवड्यांतच अनेक कंपन्यांनी कमिशन 'जीएसटीसकट' धरायला सुरुवात केल्याच्या बातम्या आल्या आणि एजंट चिडले. मूळ हप्ता मात्र हळू सरकतो, आणि तो सरकायला दुसरी कारणंही असतात. रुग्णालयांचे दर वाढतात, आपण वयाच्या पुढच्या टप्प्यात जातो. आमच्याच मेडिक्लेमचा मूळ हप्ता २०,०००चा २२,४०० झाला. पूर्वी करासकट २३,६०० जायचे. म्हणजे ३,६०० रुपये वाचायला हवे होते, ते वाचले १,२००. करकपात एकदाच होते, हप्ता दरवर्षी वाढतो.

चौकट: कुठे किती?

*छापील किमतीत किंवा एकूण हप्त्यात अपेक्षित घट*

शाम्पू, आवळा-बदाम तेल: सुमारे ११ टक्के. खोबरेल तेल, केसांचा डाय: शून्य.
बूट, मूळ किंमत १,०००पर्यंत: सव्वासहा टक्के. १,००० ते २,५००: सुमारे ११ टक्के. त्यापुढे: शून्य.
मेडिक्लेम, टर्म प्लॅन (वैयक्तिक किंवा कुटुंबाचा): सव्वापंधरा टक्के. बचतीची पॉलिसी, दुसऱ्या वर्षापासून: सुमारे सव्वादोन टक्के.
गट विमा, स्कूटर आणि मोटारीचा विमा: शून्य, १८ टक्के कायम.

चौकटीतली शेवटची ओळ नीट वाचा. बँकेने, पतसंस्थेने किंवा नोकरीच्या ठिकाणी काढून दिलेली पॉलिसी बहुधा गट विमा असते. 'आमचा हप्ता का उतरला नाही' असं विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं उत्तर तिथे आहे.

कपात आपल्यापर्यंत पोचली नाही तर दाद कुठे मागायची? पूर्वी नफेखोरी रोखायला खास प्राधिकरण होतं. ते २०२२च्या अखेरीस बंद झालं, त्याचं काम आधी स्पर्धा आयोगाकडे आणि मग जीएसटी अपील न्यायाधिकरणाकडे गेलं, आणि १ एप्रिल २०२५पासून अशा नव्या तक्रारी घेणंच थांबलं. कर एवढे कमी झाले ते त्यानंतर सहा महिन्यांच्या आत. हा क्रम मला उलटा वाटतो. आता उरली आहे ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५.

पण फोन लावण्याआधी एक काम घरच्या घरी करा. विम्याच्या नूतनीकरणाची नोटीस आली की एकूण रकमेकडे पाहू नका. गेल्या वर्षीची नोटीस शेजारी ठेवा आणि फक्त मूळ हप्त्याची ओळ ताडून पाहा. ती वाढली असेल तर किती आणि कशामुळे, वयाचा टप्पा बदलला की दर वाढवला, हे कंपनीला लेखी विचारा. वडीलधाऱ्यांच्या पॉलिसीसाठी तर नक्कीच विचारा: साठ वर्षांवरच्यांचा आरोग्यविम्याचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी विमा नियामकाशी सल्लामसलत केली पाहिजे, असा आदेश जानेवारी २०२५पासून लागू आहे.